खून कोणी केला, हे न सांगता

रहस्यकथेवर लिहिणाऱ्याची पंचाईत पहिल्या ओळीपासूनच सुरू होते. कादंबरी जमली की फसली, हे बहुतेक वेळा शेवटच्या पंधरा-वीस पानांत ठरतं, आणि नेमक्या त्याच पानांबद्दल त्याने अवाक्षरही काढायचं नसतं. प्रेमकथेच्या परीक्षणात नायक-नायिकेचं शेवटी जुळलं का, हे सांगून टाकलं तर कोणी फारसं मनावर घेत नाही. खुनी कोण हे सांगितलं, की वाचक खवळतो. मग या साहित्यप्रकारावरचं पुष्कळसं लेखन ‘खिळवून ठेवणारी’, ‘एका बैठकीत संपणारी’, ‘शेवटपर्यंत उत्कंठा’ अशा ठरावीक शब्दांत गोल गोल फिरत राहतं. मलपृष्ठावरची जाहिरात कोणती आणि परीक्षण कोणतं, हे ओळखणं हेच एक रहस्य होऊन बसतं.

इंग्रजीने या अडचणीतून वाट काढायला जवळजवळ शंभर वर्षं घेतली. ती वाट विद्यापीठांतून गेली नाही. वर्तमानपत्रांतले स्तंभ, लेखकांची आपसातली भांडणं आणि झपाटलेल्या वाचकांनी केलेल्या याद्या, यांतून ती तयार झाली.

पहिलं मोठं भांडण 1926चं. अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ आली आणि तिच्या शेवटावरून वाचकांत दोन तट पडले. (शेवट इथे अर्थातच सांगितलेला नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांचा हेवा वाटावा.) ख्रिस्तीने वाचकाला फसवलं, असं एका बाजूचं म्हणणं. डॉरथी एल. सेयर्सने 1928मध्ये संपादित केलेल्या एका कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत ख्रिस्तीची बाजू घेतली. पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम लिहून टाकले: भुताखेतांना मज्जाव, गुप्त वाट एकापेक्षा जास्त नको, गुप्तहेराने स्वतः गुन्हा करायचा नाही, जुळी भावंडं आणायची तर वाचकाला आधी तशी कल्पना द्यायची. नियम अर्ध्या थट्टेत लिहिले होते, पण त्यांनी एक काम चोख केलं. खुनी कोण हे न सांगता कादंबरीबद्दल बोलायची सोय झाली. लेखक वाचकाशी सचोटीने खेळला का, हा प्रश्न शेवट न फोडताही विचारता येतो.

सेयर्सने 1933 ते 1935 या काळात ‘संडे टाइम्स’मध्ये रहस्यकथांची नियमित परीक्षणं लिहिली. स्वतः या प्रकारात नाव कमावलेली लेखिका सहव्यावसायिकांची पुस्तकं तपासते आहे आणि भाषेच्या ढिसाळपणालाही माफी देत नाही, हा प्रकार तेव्हा नवा होता. ही परीक्षणं 2017मध्ये एकत्र छापली गेली. त्यांतली बरीच पुस्तकं आज कुणाला ठाऊक नाहीत, परीक्षणं मात्र अजून ताजी वाटतात.

मग दोन अमेरिकन माणसांनी सगळा डाव उधळायचा प्रयत्न केला. रेमंड चँडलरने डिसेंबर 1944मध्ये ‘अटलांटिक मंथली’त एक लेख लिहिला आणि त्यात ‘विनी द पू’वाल्या ए. ए. मिल्नची ‘द रेड हाऊस मिस्टरी’ (1922) शिकाऱ्याच्या थंडपणाने सोलून काढली. मृतदेहाची ओळख कोणी पटवली? चौकशीत तो प्रश्न कोणी विचारला कसा नाही? पोलीस इतके गाफील कसे? चँडलर एकेक गाठ सोडवत जातो आणि अख्खी कादंबरी कोसळते. हे करताना त्याने शेवट सरळ उघडा केला, कारण त्याशिवाय त्याचा मुद्दा सिद्धच झाला नसता. रहस्यकथेची कडक चिरफाड करायची तर कधी ना कधी शेवटाला हात घालावा लागतो, हे त्या लेखाने दाखवलं. दुसरा एडमंड विल्सन. मोठा समीक्षक, पण या प्रकाराबद्दल त्याच्या मनात तुच्छता. ‘न्यू यॉर्कर’मधला त्याचा पहिला लेख वाचून चिडलेल्या वाचकांनी पत्रं पाठवून पुस्तकं सुचवली. त्याने त्यांतली काही वाचली आणि जानेवारी 1945मध्ये आणखी कडवट लेख लिहिला. सेयर्सच्या ‘द नाइन टेलर्स’चा तर त्याने पार चुराडा केला. विल्सनचा लेख आजही गमतीने वाचला जातो, पण त्यातून रहस्यकथेबद्दल काही हाती लागत नाही. ज्याला एखादा खेळच आवडत नाही, त्याने त्या खेळाचं समालोचन करण्यात फारसा अर्थ नसतो.

अँथनी बाउचरला तो खेळ मनापासून आवडत असे. 1951पासून 1968मध्ये मरेपर्यंत तो ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये रहस्यकथांवरचा स्तंभ लिहीत राहिला. चार ओळींत पुस्तकाचा पोत सांगायचा, नवा लेखक हेरायचा आणि शेवटाच्या अलीकडे थांबायचं, ही त्याची हातोटी. अर्जेंटिनी लेखक बोर्हेसची एक गाजलेली कथा इंग्रजीत पहिल्यांदा आली ती 1948मध्ये ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’ या रहस्यकथांच्या मासिकात, आणि तो अनुवाद बाउचरचाच. त्याच्या नावाने 1970मध्ये सुरू झालेलं वाचक-लेखकांचं संमेलन आजही भरतं.

खरं काम मात्र पुढे याद्या करणाऱ्यांनी केलं. इतिहासकार जाक बार्झून आणि वेन्डेल टेलर या दोन मित्रांनी 1971मध्ये ‘अ कॅटलॉग ऑफ क्राइम’ छापलं. हजारो पुस्तकांवरच्या छोट्या टिपा, त्यांत आवडी-निवडी उघड, काही टिपा चक्क तिरसट. रॉबर्ट एडीने 1979मध्ये फक्त ‘बंद खोलीतल्या खुनां’ची सूची काढली. दार आतून बंद, खिडक्या बंद, आत एक प्रेत, असा मामला. 1991च्या आवृत्तीत नोंदी दोन हजारांवर गेल्या. एडीने शेवट न फोडण्याच्या अडचणीवर काढलेला तोडगा फार साधा होता. पुस्तकाच्या पहिल्या भागात फक्त कोडी आणि शेवटच्या भागात क्रमांकाने सगळी उत्तरं, गणिताच्या पुस्तकामागे देतात तशी. ज्याला बघायचं त्याने पानं उलटावीत, ज्याला नाही त्याने मागे फिरकू नये. एवढा सभ्य समीक्षक विरळा.

अशा वाचकांनी मोठ्यांचे निकालही फिरवले. ज्युलियन सिमन्सने 1972च्या ‘ब्लडी मर्डर’ या इतिहासात फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स, जॉन रोड यांसारख्या लेखकांची रटाळ म्हणून एका शब्दात बोळवण केली होती. क्रॉफ्ट्स रेल्वेत इंजिनिअर. त्याच्या कादंबऱ्यांत खुन्याचा बनाव वेळापत्रकावर उभा असतो आणि इन्स्पेक्टर फ्रेंच तो गाडीमागून गाडी तपासत मोडून काढतो. सिमन्सचा शब्द चाळीस वर्षं चालला. 2012मध्ये कर्टिस इव्हान्सने याच ‘रटाळ’ लेखकांवर अख्खा ग्रंथ लिहिला. थोड्याच काळात ब्रिटिश लायब्ररीने आपल्या मालिकेत क्रॉफ्ट्स पुन्हा छापला. याच मालिकेतली जे. जेफरसन फार्जनची 1937ची, पार विसरलेली ‘मिस्टरी इन व्हाइट’ 2014च्या नाताळात ब्रिटनमध्ये तडाखेबंद खपली. मालिकेची पुस्तकं आता शंभरावर गेली आहेत. त्यांच्या प्रस्तावना लिहिणारा मार्टिन एडवर्ड्स पेशाने वकील, स्वतः रहस्यकथाकार आणि त्याहून आधी हावरा वाचक. जपानी रहस्यकथा इंग्रजीत आल्या त्याही अशाच माणसांमुळे. युकितो आयात्सुजीची 1987ची ‘डेकागॉन हाऊस मर्डर्स’ 2015मध्ये इंग्रजीत आली ती एका चाहत्याच्या अनुवादातून आणि दुसऱ्या चाहत्याच्या छोट्याशा प्रकाशनसंस्थेतून.

आपल्याकडेही हे घडलं आहे, मराठीत मात्र नाही. मीरच्या गझलांवर चार खंडांचं भाष्य लिहिणारे शम्सुर रहमान फारुकी उर्दूतले सर्वांत दबदब्याचे समीक्षक. त्यांनी रहस्यकथाकार इब्ने सफींच्या ‘जासूसी दुनिया’तल्या चार कादंबऱ्या इंग्रजीत आणल्या आणि 2011मध्ये त्या छापल्या गेल्या. स्टेशनवर विकल्या जाणाऱ्या पुस्तकांना त्या भाषेतल्या सर्वांत मोठ्या समीक्षकाने हात लावला आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. बंगालीत साहित्याचा इतिहास अनेक खंडांत लिहिणारे भाषाशास्त्रज्ञ सुकुमार सेन यांनी गुन्हेकथेचाही स्वतंत्र इतिहास लिहिला.

मराठीत वाचक होते, आणि तेही अफाट. बाबूराव अर्नाळकर (1906–1996), मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांच्या नायकांची नावं दोन पिढ्यांच्या तोंडी होती. गुरुनाथ नाईक 2021मध्ये गेले. त्यांच्याही पुस्तकांचा आकडा हजारापुढचा, कॅप्टन दीपचे चाहते आजही भेटतात. सुहास शिरवळकरांना लोक ‘दुनियादारी’साठी ओळखतात, पण त्यांच्या फिरोज इराणी, दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन या नायकांसाठी वाचनालयात नंबर लावणारी मुलं आता साठीला आली आहेत. यांखेरीज एस. एम. काशीकर आहेत, शरच्चंद्र वाळिंबे आहेत, आणि ज्यांची नावंही आता कोणी घेत नाही असे पुष्कळ.

या सगळ्यांबद्दल आठवणी भरपूर आहेत. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत त्या नेमाने येतात. शाळेच्या दप्तरात लपवलेली पुस्तकं, आजोबांचा ओरडा, एका दुपारी पाडलेला फडशा. या लेखांत प्रेम खरं असतं, पण पुस्तक सापडत नाही. कोणत्या कथेत काय घडतं, धागा कुठे पेरला आहे, उकल टिकते की ढासळते, याबद्दल अक्षर नसतं. एका बाजूला समीक्षकांनी हा प्रकार पंक्तीबाहेर ठेवला, दुसऱ्या बाजूला चाहत्यांनी त्याला देव्हाऱ्यात बसवलं, आणि वाचून तपासायचं काम दोघांनीही केलं नाही. यात चाहत्यांचा दोष थोडा जास्त आहे. समीक्षकांनी निदान वाचल्याचा दावा तरी केला नव्हता.

तपासण्यासारखं किती आहे, हे एका उदाहरणावरून दिसतं. राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ (1964) सगळ्यांना आठवतो, त्यावरून निघालेला ‘मेरा साया’ (1966) तर देशभर गाजला. ‘पाठलाग’ जिच्यावर आधारलेला होता ती ‘आशा परत येते’ ही कादंबरी जयंत देवकुळे यांची. ‘मेरा साया’तलं झुमक्याचं गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे? कादंबरीत गुंतागुंत कशी रचली होती आणि पडद्यावर तिचं काय झालं, हा एका चांगल्या दीर्घ लेखाचा विषय आहे.

दुसरा विषय उसनवारीचा. अर्नाळकरांवर इंग्रजी रहस्यकथांचा ठसा उघड आहे. कोणती कथा कुठून आली, याचा तक्ता मांडला तर त्यांचा अपमान होणार नाही. उलट लंडनच्या धुक्यातलं कथानक मुंबईच्या चाळीत आणताना त्यांनी काय टाकलं आणि काय घातलं, हे पहिल्यांदा कळेल. तिसरा विषय पोलिसांचा. मराठी रहस्यकथेत इन्स्पेक्टर खासगी गुप्तहेराला प्रेताजवळ बिनदिक्कत जाऊ देतो, पंचनामा दोन ओळींत उरकतो, आणि आरोपी सगळ्यांसमोर कबुली देऊन मोकळा होतो. न्यायालयात असा कबुलीजबाब किती टिकेल, हा प्रश्न चँडलरच्या थंडपणाने कोणीतरी विचारायला हवा.

आज परिस्थिती वाईट नाही. अशोक जैन यांच्या अनुवादातून बंगाली गुप्तहेर फेलूदा मराठी घरांत रुळला, अगाथा ख्रिस्ती आणि होम्सची भाषांतरं दुकानात मिळतात, रहस्यकथा कानांनी ऐकणारा नवा वर्ग तयार झाला आहे, रंगभूमीवर ‘अ परफेक्ट मर्डर’सारखी नाटकं चालतात. पुरवठा आहे. परीक्षणं मात्र अजूनही कथानकाचा पहिला अर्धा भाग सांगतात आणि ‘पुढे काय होतं ते पुस्तकातच वाचावं’ म्हणून अंग काढून घेतात. अनुवादित रहस्यकथेच्या परीक्षणात तर अनुवाद ‘ओघवता’ असतो, यापलीकडे काही नसतं. ओघाच्या भरात मूळ लेखिकेने सोडलेला एखादा सूचक शब्द अनुवादात वाहून गेला, तर अख्खी उकल लंगडी पडते. हे कोणी तपासल्याचं क्वचितच दिसतं.

मोठ्या समीक्षकाची वाट पाहण्यापेक्षा सूचीपासून सुरुवात करणं सोपं आहे. बार्झून-टेलर यांनी तेच केलं, एडीनेही. अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांची, नायक, प्रकाशक, वर्ष आणि दोन ओळींच्या टिपेसह, कोणालाही सहज पाहता येईल अशी यादी व्हायला हवी. ही पुस्तकं स्वस्त कागदावर छापलेली होती आणि त्यांतली बरीच हाताळून हाताळूनच संपली. उरलेली जुन्या वाचनालयांत आणि माळ्यावरच्या ट्रंकांत आहेत. गावोगावच्या ग्रंथपालांना म्हणूनच एक विनंती: रहस्यकथांचं कपाट निर्लेखनासाठी काढाल, तेव्हा रद्दीवाल्याला फोन करण्याआधी प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान मोबाइलवर टिपून ठेवा. आणि ज्यांच्या घरी अशी ट्रंक आहे, त्यांनी एक पुस्तक काढून पुन्हा वाचावं आणि त्यावर एक पान लिहावं. शेवट फोडायचा असेल तर तो पानाच्या मागच्या बाजूला लिहावा.