ह्रस्व, दीर्घ आणि कान

गोदाकाठच्या शहागडासारख्या गावी मराठीच ऐकून वाढलेले मूल शाळेत येते, ते 'फूल' व 'फुलाला' यांतील भेद जिभेवर घेऊनच. १९६२ साली शासनमान्य झालेले उपान्त्य इकार-उकारांचे नियम बव्हंशी या उच्चारासच अनुसरतात. तथापि शिक्षक बहुधा आधी नियम घोकवितात, कानास विचारीतच नाहीत. ही रीत आम्हांस उफराटी वाटते.

अर्थात् कानावरही सर्वस्वी विसंबता येत नाही. 'गुण', 'विष' हे तत्सम शब्द बोलताना लांबतात, पण लिहावयाचे ह्रस्वच. तेथे पाठांतरावाचून गती नाही. आणि 'चार' बैलांपुढील 'चारा', यांतील दोन चकारांचा भेद तर लिपी दाखवीतच नाही! एवढे मुलास मोकळेपणी सांगण्यात मास्तरांस कमीपणा का वाटावा?