आघात आणि अपराध : युद्धकवितेतील सैनिकाचा ‘मी’

युद्धकवितेतील सैनिकाच्या मनोवस्थेची चर्चा करताना अलीकडील समीक्षा ‘आघात’ ही संज्ञा फार सहजपणे वापरते. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणावविकृतीला आपल्या निदानपुस्तिकेत स्थान दिले. त्यानंतर पहिल्या महायुद्धातील कवितेचेही वाचन या निदानाच्या आधारे होऊ लागले. या वाचनाने पुष्कळ काही दिले, पण त्यात एक गफलतही आहे. आघात बाहेरून होतो. अपराध आपल्या हातून घडतो. सर्व काही आघातात जमा केले की सैनिक केवळ भोगणारा ठरतो आणि त्याच्या मनाची टोचणी हे एक लक्षण, म्हणजे उपचाराने घालवण्याजोगी गोष्ट, होऊन बसते.

विल्फ्रेड ओवेन स्वतः १९१७ मध्ये एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात ‘शेल शॉक’चा रुग्ण होता. ‘डल्के एट डेकोरम एस्ट’ या कवितेतील निवेदकाने कोणाचाही जीव घेतलेला नाही. विषारी वायूचा हल्ला होतो, एका सोबत्याला मुखवटा वेळेत चढवता येत नाही आणि निवेदक त्याला आपल्या मुखवट्याच्या काचेतून पाहत राहतो. येथपर्यंतचे निवेदन भूतकाळात आहे. मग केवळ दोन ओळींचा एक सुटा तुकडा येतो: स्वप्न, आणि वर्तमानकाळ. यमकाच्या जागी आधीचाच, बुडण्याचा शब्द पुन्हा येतो. जणू भाषेलाही तेथून पुढे सरकता येत नाही. मरणारा निवेदकाच्या दिशेने झेपावतो. त्या झेपेतील मागणी पुरी करणे शक्य नव्हते, पण म्हणून ती रद्द होत नाही. कवितेचा गाजलेला शेवट घरी बसलेल्या देशभक्तांना दोष देतो. मला तो या दोन ओळींच्या तुलनेत सोपा वाटतो, कारण तेथे ‘मी’कडून ‘तुम्ही’कडे सरकण्याची सोय आहे.

‘स्ट्रेंज मीटिंग’मध्ये (१९१८) ही सोय नाही. भुयारातून नरकात उतरलेल्या निवेदकाला एक मृत भेटतो. निवेदक सांत्वनाचे एक वाक्य बोलतो. त्यानंतर कवितेच्या अखेरपर्यंत केवळ मृतच बोलतो. तू काल मारलेला शत्रू तो मीच, हे तो अगदी शेवटाजवळ सांगतो, तेही आरोप न करता. यावर निवेदकाचे उत्तर नाही. क्षमा झाली असे म्हणावे, तर ती स्वीकारणारा आवाजच उरलेला नाही. ओवेनची अर्धयमके येथे केवळ नादाची क्लृप्ती राहत नाहीत. दोन शब्द एकमेकांजवळ येतात आणि जुळत नाहीत, तसेच हे दोघे. या कवितेनंतर, ऑक्टोबर १९१८ मधील लढाईतील कामगिरीबद्दल, ओवेनला मिलिटरी क्रॉस मिळाला. ४ नोव्हेंबरला तो मारला गेला. अनुभव आधी आणि कविता नंतर, हे आघातवादी समीक्षेचे गृहीत अशा ठिकाणी पुरेसे पडत नाही.

यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी सायमन आर्मिटेजने माजी सैनिकांच्या मुलाखतींवर आधारित ‘द नॉट डेड’ या चित्रपटासाठी (२००७) कविता लिहिल्या. त्यांतील ‘रिमेन्स’मागे बसरा येथे लढलेल्या एका ब्रिटिश सैनिकाची साक्ष आहे. बँक लुटणाऱ्यांपैकी एकावर तिघे गोळ्या झाडतात. त्याच्याजवळ शस्त्र असेल किंवा नसेल, हा संशय दोनदा येतो: गोळीबारापूर्वी आणि पुढे घरी, झोपेत. शब्द तेच, पण पहिल्या वेळी ते जवळजवळ अहवालाचे आहेत. दुसऱ्या वेळी त्यांनाच खटल्याचे रूप येते. झाडणारे तिघे असले तरी गोळी शरीरातून जाताना पाहणारा ‘मी’ एकटाच आहे. अनेकवचनात केलेले कृत्य एकवचनात भोगावे लागते, आणि कोणतेही निदान हे वचन बदलू शकत नाही.

अखेरीस हातांवरचे रक्त येते, म्हणजे ‘मॅकबेथ’ येते. रक्ताळलेपण सांगणारे इंग्रजी विशेषण बराकीतील रोजची शिवीही आहे. हा श्लेष सैनिकाच्या तोंडचा की कवीने त्याच्या साक्षीवर चढवलेला, याचा निर्णय मला करता आलेला नाही. तो कवीचा असेल, तर दुसऱ्याचा अपराध शब्दांत मांडण्याचा अधिकार कवीला कोठून आला, हा प्रश्न आघाताच्या चर्चेत अजून विचारलाच गेलेला नाही.