नशेची कीर्ति आणि गाण्याची किंमत

अमेरिकेंत टेक्ससमधील ऑस्टिन शहरीं १९६५ सालच्या अखेरीस जमलेला 'थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्स' हा वाद्यवृंद १९६९ सालीं मोडला. मोटारखान्यांत जमून गिटार वाजविणाऱ्या तरुणांच्या उग्र रॉक संगीतास 'सायकेडेलिक' हें नांव ज्यांनीं प्रथम दिलें, त्यांत त्याची गणना होते. हें संगीत म्हणजे एल.एस.डी.च्या नशेचें अपत्य, असें भक्त अभिमानानें म्हणतात व निंदक तिरस्कारानें. आमच्या मतें दोघेही गाण्याकडे पाठ फिरवूनच बोलतात.

या मंडळींतील तत्त्वज्ञ टॉमी हॉल. नशा हें ज्ञानाचें द्वार होय, हा सिद्धांत त्यानें १९६६ सालच्या पहिल्या संग्रहाच्या वेष्टनावरच छापविला. परंतु ज्यानें लौकिक मिळाला तें 'यू आर गॉना मिस मी' हें गाणें गायक रॉकी एरिक्सन यानें आधींच रचून, १९६५ सालीं 'स्पेड्स' या आपल्या पूर्वीच्या मंडळीबरोबर ध्वनिमुद्रित केलें होतें. विषय दुखावलेल्या प्रियकराच्या त्राग्याचा, म्हणजे अगदीं जुनाच. त्यांत जीव ओतला तो एरिक्सनच्या गळा फाडणाऱ्या आरोळीनें, आणि हॉल बुधल्याशीं ध्वनिक्षेपक धरून तोंडानें काढी त्या बुडबुडत्या द्रुत नादानें. सिद्धांतापेक्षां हॉलचा बुधलाच अधिक बोलका!

१९६७ सालच्या 'ईस्टर एव्हरीव्हेअर' या संग्रहांतील पहिलें गाणें सुमारें आठ मिनिटांचें आहे. शब्द तत्त्वज्ञानानें जड झाले आहेत. तें तरून जातें तें एरिक्सनच्या आवाजावर व स्टेसी सदरलंडच्या गिटारीवर. ज्या दिवशीं हा आवाज गेला त्या दिवशीं सिद्धांतानें कोणासच तारलें नाहीं. १९६९ सालीं एरिक्सन अल्पशा गांजासह सांपडला. तुरुंग टाळण्यासाठीं त्यानें वेडाची सबब पुढें केली, आणि १९७२ पर्यंत त्यास रस्क येथील सरकारी वेड्यांच्या इस्पितळांत राहावें लागलें. १९६९ सालींच निघालेला 'बुल ऑफ द वुड्स' हा संग्रह बहुतांशीं सदरलंडनेंच सांवरला.

नशेनें या मंडळीची हानि केली, हें कोण नाकारील? पण एवढ्याशा अपराधास एवढें शासन करणाऱ्या कायद्यासही निर्दोष म्हणवत नाहीं. एरिक्सन २०१९ सालीं वारला. त्याच्या दुर्दैवाची कथा आज त्याच्या गाण्यांपेक्षां अधिक सांगितली जाते, हा त्याच्यावरील शेवटचा अन्याय होय. वाचकांनीं आधीं तें गाणें ऐकावें. कथा मागाहून वाचतां येईल.