चार इंचांचा स्ट्रोक

बुलडाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आहेत. या दोन्हींमधला राजूर घाट भरलेली जुनी डिझेल जीप कशी चढते, यावरून तिच्या इंजिनाची लायकी कळते. ढकलायचं काम पिस्टनचं, पण त्या ढकलण्याचं फिरण्यात रूपांतर करतो क्रँक. म्हणून घाटाच्या भरवशाचं, चार घोडे जास्त देणारं इंजिन बांधायचं असेल, तर जाणकार माणूस पिस्टन-नोझलच्या आधी भंगारातला क्रँक पारखायला बसतो. ही पारख पाहण्यात मोठी गंमत आहे.

समोर महिंद्राच्या २५२३ सीसी डिझेलचा क्रँक आहे असं समजा. कनेक्टिंग रॉड जिथे बसतात त्या चार पिना दिसतात. पहिली आणि चौथी एका बाजूला, मधल्या दोन बरोबर उलट. आता दोन्ही टोकांचे मेन जर्नल, म्हणजे क्रँक ज्यांवर फिरतो ते गोल भाग, व्ही-ब्लॉकवर ठेवा आणि हाइट गेजने एका पिनेचा माथा मोजा, आधी पिन सर्वांत वर असताना आणि मग सर्वांत खाली असताना. दोन मापांतला फरक म्हणजे स्ट्रोक, पिस्टनची धाव. इथे तो १०१.६ मिलिमीटर, म्हणजे नेमका चार इंच भरायला हवा. झीज काढायला केलेल्या ग्राइंडिंगमध्ये पिन अर्धा मिलिमीटर बारीक झाली असली तरी दोन्ही मापं सारखीच खाली येतात आणि फरक तोच राहतो. कुणी मुद्दाम केंद्र सरकवून ग्राइंडिंग केलं असेल तरच हा आकडा हलतो. एवढी हाताळणी सोसूनही ही खूण बदलत नाही.

पण इथेच घाई नडते. इंटरनॅशनल हार्वेस्टरशी महिंद्राची १९६३ साली भागीदारी झाली आणि त्यातून बी-२७५ ट्रॅक्टर आला. त्याच्या इंजिनाचा स्ट्रोकही चारच इंच. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तेवढा सव्वातीन इंचांहून थोडा मोठा, तीन पूर्णांक तीन अष्टमांश. जीपच्या २५२३ सीसीत तो साडेतीन इंच झाला. बुलेटचंही तसंच. जुन्या ३५० आणि ५०० दोन्हींचा स्ट्रोक ९० मिलिमीटर, बोअर ७० आणि ८४. आरएक्स १०० आणि आरएक्स १३५ या मोटरसायकलींचा स्ट्रोक ५०, बोअर ५० आणि ५८. आपल्या रस्त्यांवरची कितीतरी इंजिनं अशी बोअरमध्ये वाढली, स्ट्रोक तिथेच राहिला. त्यामुळे स्ट्रोकवरून घराणं कळतं, माणूस नाही. तो ओळखायला मेन आणि पिनेचे व्यास, फ्लायव्हीलच्या फ्लँजवरची बोल्टची भोकं, पुढच्या टोकाची चावीची खाच आणि तेलाच्या भोकांची जागा, हे सगळं एकेक करून जुळवावं लागतं.

मग वय. मायक्रोमीटर लावला की व्यास किती उतरलाय ते कळतं. पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर असे टप्पे. गॅरेजच्या भाषेत दहा, वीस, तीस, चाळीस. एकाच जर्नलवर दोन्ही कडांना आणि काटकोनात मापं घ्यायची, म्हणजे निमुळतेपणा आणि अंडाकार झीज दोन्ही पकडता येतात. वेब म्हणतात त्या जाड पाट्यांवर ग्राइंडिंगवाल्याचा ठोकलेला आकडा असतो, पण विश्वास मापावर ठेवावा. त्याच पाट्यांच्या कडेवर रुंद, घासलेला पट्टा दिसला तर क्रँक फोर्ज केलेला आहे. दोऱ्यासारखी बारीक रेघ असेल तर ओतीव.

खरा रस आहे तो जर्नल पाटीला मिळतो तिथल्या बारीक गोलाईत. इंजिनाला जास्त डिझेल आणि टर्बो दिला की प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित वाकतो आणि सगळा ताण या कोपऱ्यात गोळा होतो. मूळ कारखान्याची गोलाई एकसारखी, नखाला कुठेही न अडणारी असते. घाईच्या ग्राइंडिंगमध्ये तिथे तीक्ष्ण कड उरते आणि क्रँक तुटायची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. जुनी युक्ती अशी की रॉकेलने पुसून, कोरडं करून खडूची भुकटी लावायची; भेग असेल तर आत मुरलेलं रॉकेल भुकटीत ओली रेघ काढतं. टांगून हातोडीने हलकं ठोकल्यावर फोर्ज केलेला क्रँक खणखणीत, लांब वाजतो. भेगाळलेला लगेच बसतो. नायट्राइड केलेला असेल तर आणखी एक पेच. तो कडक थर इतका पातळ असतो की ग्राइंडिंगमध्येच निघून जातो आणि प्रक्रिया पुन्हा करून घ्यावी लागते.

म्हणून दोन क्रँक समोर आले, एक चकचकीत पण चाळीसवर गेलेला आणि दुसरा काळपट, तेलाने माखलेला, पण स्टँडर्ड मापाचा, तर दुसऱ्याला दोन पैसे जास्त मोजावेत. त्याच्यात कागदावर अजून चार ग्राइंडिंग शिल्लक आहेत. चकचकीत क्रँकच्या पुढच्या ग्राइंडिंगला बसणारा तयार बेअरिंग शेल सहसा मिळणार नाही.