काळ्या अक्षराचा उसना दरारा

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यात इंग्रजीचे एक अक्षरवळण वारंवार भेटते. ख्रिस्ती लग्नपत्रिकेवरची वधूवरांची नावे, स्पर्धेच्या प्रशस्तिपत्राचा मथळा, बुलेटच्या टाकीवरचे नाव, दंडावर गोंदलेली आद्याक्षरे. छपाईवाले त्याला ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणतात, अक्षराचे अभ्यासक ब्लॅकलेटर. एकच वळण मंगलकार्यालाही चालते आणि धाक दाखवायलाही, हे कसे?

हे अक्षर रुंद टोकाच्या लेखणीचे. उभे दांडे जवळजवळ, गोलाईच्या जागी कोन. त्यामुळे ओळीत मजकूर जास्त मावतो आणि पान काळेभोर दिसते. गुटेनबर्गने 1455च्या सुमारास छापलेले बायबल याच वळणाचे. पुढे इटलीच्या रोमन वळणाने त्याला बहुतेक युरोपातून मागे सारले. जर्मनीत मात्र ते विसाव्या शतकापर्यंत रोजच्या वाचनात राहिले. नाझींशी त्याचे नाव जोडले जाते, पण 3 जानेवारी 1941च्या बोरमानच्या परिपत्रकाने, ‘ज्यू अक्षर’ असा शिक्का मारून, नाझींनीच ते बंद केले. वाचनातून गेलेले अक्षर शोभेपुरते उरले. आज त्याचा अर्थ ‘जुने आणि वजनदार’ एवढाच. त्यात चर्चही बसते आणि दादागिरीही.

आपल्याकडे ते वापरताना एक दोष सर्रास होतो. या वळणातली मोठी अक्षरे शब्दाच्या आरंभी एकेकटी शोभावीत अशी घडलेली आहेत. अख्खे नाव त्यांतच जुळवले की नक्षी उरते, नाव वाचता येत नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे. हाच साचा आता मराठी मथळ्यांवर चढवला जातो. आपला बोरूही रुंद टोकाचाच, पण त्याचा काप उलटा. रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड होते, देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. साचा उसना घेतला की जाडी भलत्या जागी पडते आणि ‘क’सुद्धा परका दिसू लागतो.

माझा आक्षेप रोमन लिपीला नाही. फादर स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला रोमन लिपीतच छापले गेले; ती या किनाऱ्याच्या घरातलीच आहे. प्रश्न असा, की जुनेपणाचे वजन हवे असताना आपल्याला मोडी का आठवत नाही? छापखान्यांनी बाळबोध पत्करली, स्वातंत्र्यानंतर शाळांतूनही मोडी गेली. जर्मन अक्षराला निदान पाट्या आणि मथळे मिळाले, मोडी दप्तरांत राहिली. अच्युत पालवांनी मोडी आणि देवनागरीच्या मेळातून मुक्तलिपी घडवली. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत दाखवून दिले, की मराठी अक्षर स्वतःच्या हाडापेराने भारदस्त, खट्याळ किंवा भेसूर होऊ शकते. ही वाट मोकळी आहे. आपल्या तालुक्यातल्या छपाईवाल्याने पुढच्या जत्रेच्या पत्रकाचा मथळा बोरूने लिहून घ्यावा. तेवढ्यानेही फरक दिसेल.