टर्कीचा रातथारा आणि पुस्तकातला एकच नियम

अमेरिकेतल्या टर्कीच्या शिकारीवरची मार्गदर्शक पुस्तकं वाचलीत, तर एक सल्ला हटकून भेटतो: आदल्या संध्याकाळी रातथारा, म्हणजे पक्षी रात्री ज्या झाडावर बसतात ते झाड, हेरा आणि पहाटे तिथंच दबा धरा. यातलं निरीक्षण पक्कं आहे. टर्की दिवसभर जमिनीवर टिपत फिरते, पण अंधार पडताना झाडावर जाऊन बसते. खाली पिसं आणि विष्ठा सापडते. नराची लांबट, टोकाशी वळलेली, मादीची गुंडाळल्यासारखी. घुबडाचा आवाज काढला, तर नर वरूनच ओरडतो.

गडबड पुढे आहे. टेक्सासच्या कोरड्या भागात उंच झाडं मुख्यतः ओढ्याकाठी, म्हणून थवे वर्षानुवर्षं तीच झाडं धरतात. जॉर्जिया, लुइझियानाच्या जंगलांत झाडांना तोटा नाही. जीपीएस लावलेले नर तिथं वरचेवर झाड बदलताना दिसलेत. बरीच पुस्तकं हा फरकच गाळतात. मग जुन्या विष्ठेवर विसंबलेला शिकारी रिकाम्या झाडाखाली बसतो. उलट टेक्सासमध्ये फार जवळ गेलात, तर अख्खा थवा जागा सोडू शकतो.

विष्ठा सांगते ती कालची गोष्ट. आज पक्षी परततील का, हे आजूबाजूला आणखी किती झाडं आहेत त्यावर ठरतं.