‘ठेवणे’ या क्रियापदाचा नवा कर्ता

अंकीय तंत्रज्ञानाने व्यक्तीला आपली प्रतिमा आपणच घडविण्याचे स्वातंत्र्य दिले, असे मत अलीकडे वारंवार मांडले जाते. पुण्यातील रोजच्या मराठीच्या आधारेही या मताची परीक्षा करता येते.

बारशाला मुलाचे नाव ठेवतात. पुढे लोक त्याच मुलाला नावे ठेवतात. षष्ठीच्या जागी चतुर्थी आली, एकवचनाचे अनेकवचन झाले. कर्ता मात्र दोन्हीकडे दुसराच राहिला. ‘डीपी ठेवणे’, ‘स्टेटस ठेवणे’ या प्रयोगांत कर्ता ती व्यक्ती स्वतःच असते. हा बदल क्षुल्लक नव्हे. विवाहानंतर नाव बदललेली स्त्री आपल्या खात्यावर माहेरचे नाव पुन्हा लिहिते, तेव्हा नामकरणाचा हक्कच ती परत घेते. शासकीय कागदपत्रांत व्यक्तीच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे २०२४ च्या शासननिर्णयाने आवश्यक झाले. खात्यावर ते लिहिण्यास कोणाच्याही आज्ञेची गरज नव्हती.

तथापि, कर्तृत्व मिळाले म्हणजे स्वत्व लाभले, असे अनुमान करणे घाईचे होईल. ‘ठेवणे’ या क्रियेत ‘कोणापुढे?’ हा प्रश्न अध्याहृत असतो. व्हॉट्सॲपवर २०१७ मध्ये आलेले आजच्या स्वरूपाचे स्टेटस चोवीस तासांनी नाहीसे होते. ते कोणी पाहिले, याची यादी मात्र ठेवणाऱ्यास सामान्यतः दिसते. नावे ठेवणारे लोक नाहीसे झालेले नाहीत. ते आता त्या यादीत निःशब्दपणे बसले आहेत. आपण कसे आहोत याचा निर्णय कर्ता पुन्हा त्यांच्याकडूनच मागतो.

येथे लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण उद्बोधक आहे. मनकर्णिकेची लक्ष्मी झाली ती विवाहाने. हे नाव तिने निवडलेले नव्हते. परंतु १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये दुसऱ्यांनी ठेवलेल्या त्याच नावाला तिने स्वतःचा अर्थ दिला. कालची मनू आणि आजची लक्ष्मीबाई यांना जोडणारे निवेदन तेथे आहे. रोज पुसल्या जाणाऱ्या प्रतिमांत नेमका हाच दुवा तुटतो.

म्हणून प्रतिमा कोणी ठेवली, एवढ्यावर समीक्षेने थांबू नये. काल ठेवलेल्या प्रतिमेशी आजच्या प्रतिमेचे नाते सांगणारी व्यक्ती उरली आहे काय, हा खरा प्रश्न आहे. ते नाते सांगता येते तेथेच स्वातंत्र्याला अर्थ येतो.